अंतरा राहिलाय

सेटअपवाल्यांना नोकरी असते, गृहकर्ज असतं आणि एक मुखडा असतो. मुखडा कॉलेजच्या गॅदरिंगच्या सुमारास सुचलेला, चाल खरोखर बरी, पण अंतरा राहिलेला. का राहिला असं विचारलं तर उत्तर गाण्यातलं येत नाही. 'आधी मशीन होऊ दे,' असं येतं. मशीन म्हणजे घरच्या घरी रेकॉर्डिंग करण्यासाठी सुटे भाग पारखून जोडलेला संगणक. ही जमात कोथरूडला आहे, नाशकात आहे, न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्येही आहे. बेसमेंटवाल्यांचा बाकीच्यांना मनापासून हेवा वाटतो, कारण तिथे भाजीवाल्याची हाक पोचत नाही.

आमचे सेटअपवाले डोंबिवलीचे. तिसऱ्या मजल्यावर राहतात, सरकारी बँकेत आहेत, पन्नाशीच्या आगेमागे कुठेतरी. भेटल्यावर ते पावसापाण्याचं बोलत नाहीत. जिन्यात गाठतात आणि हातातली दुधाची पिशवी तशीच धरून थेट विचारतात, ''सिंगल कोर महत्त्वाचा की मल्टिकोर? तुमचं काय मत?'' आपल्याला मत नसतं. त्यांचं त्यावाचून अडत नाही. त्यांना स्वतःचं सांगायचं असतं.

आणि त्यांचं बरोबर असतं, हीच खरी पंचाईत. गायकाच्या आवाजावर संगणकात एकापाठोपाठ एक संस्कार होतात. आधी खालचा घुमारा कापायचा, मग चढउतार आवरायचे, मग जराशी गूंज घालायची. पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही, म्हणून ती अख्खी साखळी प्रोसेसरच्या एकाच कोरच्या गळ्यात पडते. सोळा कोर घेतले तरी त्या साखळीपुरते पंधरा जण नुसते बघत बसणार. चाळीस-पन्नास ट्रॅक असले तर मात्र कोर जास्त हवेत. हे सगळं ते जिन्यात उभ्याउभ्या, दूध नासायच्या आत, शेंबड्या पोरालाही कळेल असं समजावून देतात. त्यांच्या स्वतःच्या गाण्यात तानपुरा, तबला, पेटी आणि आवाज असे चार ट्रॅक आहेत. एवढं तर दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवरही निघेल, असं मी एकदा बोलून बघितलं.

''निघेल ना,'' ते म्हणाले, ''पण हेडरूम नको?''

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामागचं खरं कारण सेटअपवाल्यांना लॅमिंग्टन रोडला जाता यावं हे आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; मुंबईच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, आणि दहा बाय दहाच्या दुकानांतून, छतापर्यंत रचलेल्या खोक्यांच्या फटीतून, मदरबोर्डाचे भाव विचारत हिंडायचं. भाव त्यांना आदल्या रात्रीच पाठ असतात. दुकानदाराला किती माहीत आहे ते बघायचं असतं.

''गेमिंग के लिए, साहब?''

''नाही. ऑडिओसाठी.''

''स्पीकर बाजू की दुकान में मिलेगा.''

''स्पीकर नाही हो, कॉम्प्युटर. ऑडिओ के लिए.''

''अच्छा. ग्राफिक कार्ड कौनसा डालूँ?''

''ग्राफिक कार्ड नको.''

इथे कॅल्क्युलेटरवरचं बोट थांबतं. ग्राफिक कार्ड नको म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराला लग्नात जेवायला नको म्हणणारा पाहुणा वाटतो. काहीतरी बिनसलेलं असणार. सेटअपवाले मग शांतपणे सांगतात की आवाजाच्या कामात ग्राफिक कार्डाचा काडीचा उपयोग नाही, उलट त्याचा पंखा तेवढा वाजतो. दुकानदार हुशारीने स्वस्तातला प्रोसेसर पुढे करतो. सेटअपवाले चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरचा आकडा नाकाजवळ नेतात आणि शेवटच्या अक्षरावर नख टेकवतात. एफ. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असतो, त्यात चित्र दाखवायची सोय चालू नसते. म्हणजे दोन पैसे वाचवून तो घेतला की ग्राफिक कार्ड घ्यावंच लागतं. दुकानदार हसतो, चहा मागवतो. कोटेशन लिहिलं जातं, अठरा टक्के जीएसटी धरून आणि न धरून. ''ये भाव आज शाम तक,'' असं बजावलं जातं. संध्याकाळी सेटअपवाले डोंबिवली लोकलमध्ये, खिशात कोटेशन घालून, समाधानाने उभे असतात. खरेदी बहुधा झालेली नसते. पुढच्या महिन्यात नवीन पिढीचा प्रोसेसर येणार असतो.

तो येतोच. प्रोसेसर बसतो तो सॉकेट बदलला की मदरबोर्ड बदलतो आणि मदरबोर्ड बदलला की कधीकधी रॅमही. एएमडीने २०२२ साली एएम-५ सॉकेट आणला तेव्हा त्याला जुनी डीडीआर-४ रॅम चालेना, आणि सेटअपवाल्यांनी जमवलेली सगळी यादी एका रात्रीत इतिहासजमा झाली. दुसरा कोणी हबकला असता. हे चार दिवस नुसते प्रसन्न होते. नवी यादी करायची होती ना!

या कलेतली त्यांची ज्येष्ठताही मानायला हवी. साउंड ब्लास्टर कार्डाचा जमाना त्यांनी पाहिला आहे. पुढे फायरवायर आलं, तेव्हा त्या जोडणीची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचीच हवी, दुसरी असली तर आवाज तुटतो, हे त्यांनी आम्हाला गणपतीच्या आरतीसाठी जमलो असताना सांगितलं होतं. फायरवायर गेलं, यूएसबी राहिलं, थंडरबोल्ट आलं. मुखडा मात्र या सगळ्यांतून जसाच्या तसा राहिला.

साठवणुकीचा हिशोब मी त्यांच्यासमोर कागदावर करून दाखवला, कारण मला ते दोन टेराबाइटची एसएसडी घेणार हे बघवेना. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झला एक ट्रॅक मिनिटाला पावणेनऊ एमबीसुद्धा खात नाही. पाच मिनिटांचं, दहा ट्रॅकचं गाणं साडेचारशे एमबीच्या आत बसतं. दोन टेराबाइटमध्ये अशी साडेचार हजारांवर गाणी मावतील. आठवड्याला एक केलं तरी जवळजवळ नव्वद वर्षांची बेगमी. सेटअपवाल्यांनी कागद बारकाईने तपासला. आकडेमोड चोख असल्याचं मान्य केलं. मग म्हणाले, ''बॅकअप धरला नाहीत तुम्ही.''

त्यांचा आवडता विषय मात्र लेटन्सी. माइकमध्ये गायलेलं संगणकातून फिरून हेडफोनमध्ये परत येईपर्यंत जो उशीर होतो, तो. संगणक आवाजाचे नमुने मूठ-मूठ घेतो, ती मूठ म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ नमुन्यांची मूठ धरली तर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत भरते. १०२४ धरली तर एकवीस मिलिसेकंद लागतात, आणि गायकाला स्वतःचाच आवाज मागून येतोय असं वाटायला लागतं. मूठ लहान केली की संगणकाची धावपळ वाढते आणि आवाजात 'टिक्' पडते. ही 'टिक्' नाहीशी करणं हे सेटअपवाल्यांच्या आयुष्याचं इतिकर्तव्य आहे. पडद्यावर तपासणीचं सॉफ्टवेअर लावून ते हिरव्या-लाल पट्ट्यांकडे तासन्‌तास पाहत बसतात. वाय-फायचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवतो हे त्यांनी शोधून काढलं, तेही बरोबर. पण इलाज म्हणून संगणकातलं वाय-फाय बंद करायचं सोडून त्यांनी राउटरच बंद केला. मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू होती. त्यानंतर घरात जी काही 'टिक्' झाली तिला कोणताही बफर पुरला नाही.

आता खरं सांगायचं तर आवाज हवेतून मीटरभर जायलाही तीन मिलिसेकंद घेतो. मैफलीत तबलजी गवयापासून हातभर लांब बसतो, पेटीवाला दुसऱ्या बाजूला, आणि त्या अंतराचा उशीर सगळे मिळून मुकाट पचवतात. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. पहिल्या ओळीतल्या रसिकाने बफर कमी करा म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण हे सेटअपवाल्यांना बोलू नये. ते म्हणतात, ''ती लेटन्सी नैसर्गिक आहे.''

इतिहासातले दाखले देऊनही उपयोग होत नाही. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' १९६७ साली चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. ''झाला,'' ते म्हणतात, ''पण त्यांना विंडोज अपडेट नव्हतं.'' बिली आयलिशच्या ज्या अल्बमला २०२० साली ग्रॅमी मिळालं, तो भावाच्या बेडरूममध्ये केलेला. यावर त्यांच्या बायकोने एकदा, ''अहो, मग आपल्यालाही बेडरूम आहेच की,'' असं सुचवलं. सेटअपवाल्यांनी भिंतींना फोम लावायची मापं घेतली.

खोलीतली शांतता हा त्यांचा हळवा कोपरा आहे. कॅबिनेट आतून गादी लावलेलं. पंखे नॉक्टुआचे, ऑस्ट्रियन कंपनीचे, बदामी आणि चॉकलेटी रंगाचे; कुरूप आहेत असं कोणी म्हटलं तर त्यांना स्वतःच्या अपत्याबद्दल ऐकल्यासारखं वाईट वाटतं. वीजपुरवठ्याचा एसएमपीएस असा की भार कमी असला तर त्याचा पंखा फिरतच नाही. संगणक चालू आहे की बंद, हे कळायला दिवा बघावा लागतो. या शांत यंत्रापासून चार फुटांवर खिडकी आहे. खिडकीच्या कट्ट्यावर कबुतरं. खाली रिव्हर्स घेताना प्रार्थना वाजवणारी मोटार, लाउडस्पीकरवर रेकॉर्ड लावून फिरणारा भंगारवाला, शेजारी तीन शिट्ट्यांचा कुकर. डोक्यावर छताचा पंखा, जो मे महिन्यात बंद ठेवून गाणारा माणूस अंतऱ्यापर्यंत पोचत नाही. कंडेन्सर माइकला हे सगळं स्वच्छ ऐकू येतं. त्याचसाठी तो घेतलेला असतो.

शिवाय घुंऽऽ असा एक मंद सूर होता, पन्नास हर्ट्‌झचा, आपल्या घरातल्या विजेचाच. त्यासाठी तीन केबल बदलल्या. शेवटी वायरमन आला, सॉकेट उघडून बघितलं आणि म्हणाला, ''अर्थिंग आहे की साहेब. फक्त वायर जोडलेली नाही.''

वायर जोडली आणि त्या रात्री सेटअपवाल्यांनी आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण केलं. रात्री तीन वाजता, पंखा बंद ठेवून, रिकाम्या खोलीचं, चाळीस सेकंदांचं. ते आल्यागेल्याला हेडफोन लावून ऐकवलं जातं. पाहुण्याने डोळे मिटायचे असतात. काही ऐकू येत नाही असं म्हटलं तर ते कृतार्थ होतात. माझ्या मेहुण्याने प्रामाणिकपणे, सव्विसाव्या सेकंदाला कुणीतरी खोकलंय असं सांगितलं, तर त्यांनी तो तुकडा पडद्यावर मोठा करून पाहिला आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे चौकशीला गेले.

माळ्यावर खोकी आहेत. मदरबोर्डाची, कूलरची, एसएमपीएसची, आतल्या थर्माकोलसकट. वॉरंटीसाठी ठेवायची असतात. दिवाळीच्या सफाईत दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी खोकी जिंकतात. खोक्यांतला माल मात्र टिकत नाही. नवीन आलं की जुनं निम्म्या किमतीत जातं. जातं ते बहुतेक पलीकडच्या चाळीतल्या एका पोराकडे. पोरगा भजनी मंडळात पखवाज वाजवतो. सेटअपवाल्यांनी पाच वर्षांत मोडीत काढलेल्या सगळ्या यंत्रांचे अवयव एकत्र करून त्याने एक मशीन बांधलंय. कॅबिनेटला एका बाजूचं झाकण नाही. साठ डॉलरच्या परवान्याचं रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं आणि खोलीत गोधड्या टांगल्यात. मंडळाचे अभंग त्याने त्यावरच केले, वारीच्या दिवसांत ते आमच्या सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. गाणारे लोक पासष्टीचे, आवाज जाड, पण ठेका असा की पाय थांबत नाही.

सेटअपवाल्यांना मी ते मुद्दाम ऐकवलं. त्यांनी आपले हेडफोन आणले, दोन्ही कानांवर नीट बसवले आणि पहिला अभंग शेवटपर्यंत ऐकला. मान डोलत होती. मधेच त्यांनी हात वर केला, थोडं मागे घेऊन तीच जागा पुन्हा लावली, आणि पुन्हा एकदा.

''इथे, पखवाज थांबतो ना, त्याच्या मागे,'' ते म्हणाले, ''बारीक घरघर आहे. माझाच पंखा तो, जुना. बेअरिंग गेलंय म्हणून दिला होता त्याला.''