सावित्री कोण, नारद कोण

“वहिनी, ‘सावित्री’ सिनेमात सावित्री कोण झालं होतं, सांगा बघू.”

सकाळी सव्वासातला कुंपणापलीकडून असला प्रश्न आला की समजायचं, मामींना चेन्नईचा फोन येऊन गेलाय. चेंबूर-माटुंग्यात तमिळ शेजारणीला कोणी नावानं हाक मारत नाही, ती मामीच. आमच्या मामींची नणंद मैलापूरला राहते. डिसेंबरात तिकडं सभा-सभांतून मैफलींचा हंगाम असतो. ती बाई रोज दोन-दोन मैफली ऐकते आणि सकाळी सगळं मामींच्या कानात ओतते, मामी ते कुंपणावरून माझ्याकडं सरकवतात. त्यात ११ तारीख आली की विषय ठरलेला. २००४ साली त्याच दिवशी एम. एस. सुब्बुलक्ष्मी गेल्या.

“कुठली ‘सावित्री’?”

“तमिळ. १९४१ची.”

“मग एम. एस.च असणार.”

“चूक! सावित्री तुमची शांता आपटे. एम. एस. नारद!”

पायरीवर बसून लसूण सोलणाऱ्या आमच्या सासूबाईंचा हात थांबला. “‘कुंकू’तली शांता आपटे? ती मद्रासला कशाला कडमडली?”

“तमिळ शिकून काम केलं तिनं.”

“करेल. ती काहीही करेल. पुण्यात प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसलेली बाई ती. १९३९ साली. कराराचं भांडण होतं. माझी आई सांगायची, लोक टांगा करून बघायला जायचे.” आईंनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “म्हणजे मालकांशी भांडणारी पतिव्रता झाली, आणि जिला अख्खा देश पतिव्रता म्हणतो ती वीणा घेऊन नारद. बरं आहे.”

मामींना हे ‘बरं आहे’ झोंबलं. एम. एस. हे त्यांच्या घरातलं दैवत आहे. हॉलमध्ये फोटो आहे, निळी कांजीवरम, केसांत मोगरा, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या. त्या निळ्याला साडीच्या दुकानातून ‘एम. एस. ब्लू’च म्हणतात, कांचीपुरमच्या मुत्तु चेट्टियारनी त्यांच्यासाठी तो रंग काढला. मामींकडं तशी एक साडी आहे. ती फक्त नवरात्रात, गोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्या की कपाटातून निघते, आणि तेव्हा त्यांच्या जवळपास कुणी हळदीकुंकवाचं ताट न्यायचं नाही.

“नारद का झाल्या माहितीये?” मामी म्हणाल्या. “नवऱ्याला साप्ताहिक काढायचं होतं, ‘कल्कि’. भांडवल नव्हतं. सिनेमाचे पैसे त्यात घातले.”

“पुरुषाचं काम करायला त्यांना आवडलं का?” मी विचारलं.

“ते कोण विचारतंय?” हे मात्र आईंच्या आधी मामीच बोलून गेल्या, आणि मग मोगऱ्याला पाणी घालायला लागल्या.

मला नेमकं तेच विचारायचं होतं. एम. एस.बद्दल वर्षानुवर्षं आपण तीच आरती ऐकतो. देवभोळ्या, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाहीत, सावत्र मुलींना पोटच्या मुलींसारखं वाढवलं, लाखो रुपये मिळवले आणि दान केले. सगळं खरं. पण या सगळ्यात बाईंचं स्वतःचं म्हणणं काय होतं, हे आरतीत येत नाही. कुंपणावर यायला हरकत नाही.

“जन्म मदुराईचा,” मामींनी सुरुवातीपासून धरलं. त्यांना मधून सुरू करता येत नाही. “१६ सप्टेंबर १९१६. एम म्हणजे मदुराई, एस म्हणजे षण्मुखवडिवु. आईचं नाव. आई वीणा वाजवायची, आजी व्हायोलिन. घरात हाक कुंजम्मा. दहाव्या वर्षी रेकॉर्ड निघाली.”

“आणि वडलांचं नाव?”

मामींनी आवाज खाली आणला. वास्तविक ऐकायला तिथं फक्त मांजर होतं. “देवदासींचं घराणं ना. आमच्याकडं ते फार बोलत नाहीत.”

“का बोलत नाहीत?” आई कडाडल्या. आईंचं माहेर सावंतवाडीकडचं, गोव्याला निम्मं गणगोत. “मोगूबाई कुर्डीकर कुठून आल्या? केसरबाई कुठून आल्या? गाणं राखलं कोणी, भटजींनी? उगाच नाही मोगूबाईंच्या लेकीनं त्यांना आठवा सूर म्हटलं.”

किशोरीताईंचं हे वाक्य सगळीकडं छापून येतं. आईंनी ते आज जातीवंत पुराव्यासारखं वापरलं, आणि मला पटलं. गोव्यातली कलावंत घराणी आणि तमिळ मुलखातली इसै वेळाळर घराणी, दोन्हींच्या लेकींनी साधारण एकाच काळात दिवाणखान्यातलं गाणं तिकीट लावलेल्या सभागृहात नेलं. फरक एवढाच, की आमच्या बायकांनी आपला ताठा सोडला नाही. केसरबाईंच्या अटींच्या गोष्टी अजून सांगतात. एम. एस. मात्र सोवळ्यातल्या सुवासिनी होऊन गेल्या, इतक्या पूर्ण, की मैलापूरच्या मामींना त्या आपल्याच घरातल्या वाटायला लागल्या. टी. एम. कृष्णा या गायकानं २०१५ साली ‘कॅरव्हान’ मासिकात यावर लांबलचक लेख लिहिला, तेव्हा मामींच्या नणंदेनं म्हणे आठवडाभर अन्न गोड मानलं नाही.

“पण मामी, मदुराईहून मद्रासला त्या पळून आल्या ना?”

“पळून कसल्या? आल्या.”

“वीस वर्षांची मुलगी, १९३६ साली, आईला न विचारता.”

“आईनं जे... स्थळ काढलं होतं,” मामी अडखळल्या, “स्थळ म्हणजे तुम्ही समजून घ्या, पैसेवाला माणूस. ते नको होतं, असं म्हणतात. सदाशिवम तेव्हा मद्रासला साप्ताहिकाच्या जाहिरातींचं बघायचे. त्यांनी आसरा दिला.”

“बायको-मुलं असलेल्या माणसानं.”

“पुढं ती बायको वारली. मग १९४०ला लग्न झालं. रीतसर.” मामींनी ‘रीतसर’वर पाण्याचा झारा आपटला.

आता शेजारधर्माला स्मरून मी गप्प बसायला हवं होतं. पण जी. एन. बालसुब्रमण्यम यांचं नाव माझ्या जिभेवर आलेलंच होतं. कर्नाटक संगीतातले देखणे, बिनीचे गायक. ‘शकुंतलै’ सिनेमात ते दुष्यंत आणि एम. एस. शकुंतला. त्या काळात एम. एस.नी त्यांना लिहिलेली पत्रं आहेत, आणि टी. जे. एस. जॉर्ज यांनी एम. एस.च्या चरित्रात त्या पत्रांवर लिहिलंय.

“ते पुस्तक मी घरात ठेवलं नाही,” मामी म्हणाल्या.

“वाचलंत मात्र.”

“वाचल्याशिवाय कसं कळणार ठेवायचं की नाही?”

आई इतक्या हसल्या की लसणाची सालं अंगणभर झाली. नंतर मामी जरा मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, हे सगळं खरं असेल, पण लग्न झाल्यावर बाई फिरून मागं बघायला गेल्या नाहीत. सदाशिवमच्या मुली, राधा आणि विजया. स्वतःला मूल झालं नाही. राधाला तर त्यांनी मांडीवर घेऊन गाणं दिलं. ‘मीरा’ सिनेमात छोटी मीरा ती राधाच, आणि पुढं आयुष्यभर एम. एस.च्या मागं बसून ती गायली. षण्मुखानंद हॉलला मामींनी लहानपणी बाल्कनीतून दोघींना ऐकलंय. एम. एस. गाताना हलायच्या नाहीत. पहिल्या रांगेत सदाशिवम, आणि आता काय गायचं ते तिथून खुणेनं सांगायचे.

“गाणारी ही आणि खुणा त्याच्या?” आई.

“त्यांना कळायचं लोकांना काय पाहिजे.”

“लोकांना काय पाहिजे ते मलाही कळतं. पण मी भजनी मंडळात पेटीवाल्याला खुणा करत नाही.”

करतात. पण ते सोडा.

‘मीरा’चं सांगायला हवं. तमिळ १९४५चा, हिंदी १९४७चा, दिग्दर्शक एलिस डंगन नावाचा अमेरिकन. हिंदीच्या सुरुवातीला स्वतः सरोजिनी नायडूंनी पडद्यावर येऊन एम. एस.ची ओळख करून दिली. सिनेमा उत्तरेत चालला आणि बाईंनी त्यानंतर एकही सिनेमा केला नाही. एवढं यश मिळाल्यावर कोण थांबतं? मामी म्हणतात, मीरेनंतर दुसरं काय करायचं. आई म्हणतात, नवऱ्यानं थांबवलं असेल. मला वाटतं, दोन्ही एकदम खरं असू शकतं. त्याच मीरेचं एक भजन गांधीजींना एम. एस.च्या आवाजात हवं होतं. हे भजन आपल्याला नीट येत नाही, दुसऱ्या कुणाकडून घ्यावं, असा निरोप गेला. तेव्हा गांधीजींनी कळवलं, दुसऱ्या कुणाच्या गाण्यापेक्षा त्यांनी ते नुसतं म्हणून दाखवलं तरी चालेल. रातोरात मद्रास रेडिओवर ध्वनिमुद्रण झालं. पुढं ३० जानेवारी १९४८ला हत्येच्या बातमीनंतर रेडिओनं तेच भजन लावलं, आणि घरात ऐकत बसलेल्या एम. एस. कोसळल्या, असं सांगतात.

हे ‘येत नाही’ मला महत्त्वाचं वाटतं. नवऱ्याची ढाल सगळ्यांना दिसते, बाईंचा हट्ट दिसत नाही. न येणारी गोष्ट येईपर्यंत सोडायची नाही, हा तो हट्ट. नाव झाल्यावर, रेकॉर्डी घरोघरी गेल्यावर, त्या बनारसच्या सिद्धेश्वरी देवींसमोर शिष्या होऊन बसल्या. दिलीपकुमार रॉय यांच्याकडं हिंदी-बंगाली गाणी शिकल्या. ज्या भाषेत गायचं तिचा शब्द न् शब्द घासून घ्यायचा. ‘वेंकटेश सुप्रभातम्’ची रेकॉर्ड १९६३ची. आमच्या घरी आईंनी विष्णुसहस्रनाम एम. एस.च्या कॅसेटवरून घटवलंय. जोडाक्षरं आपल्याला कुणी शिकवायची नाहीत, असा त्यांचा तोरा होता, तो त्या कॅसेटनं दोन दिवसांत उतरवला.

“अहो, सुप्रभातम्चं मानधन तिरुपतीच्या वेदपाठशाळेला गेलं,” मामी म्हणाल्या. “एक पैसा घरात नाही. १९४४ला कस्तुरबा निधीसाठी मैफली केल्या त्या अशाच.”

कस्तुरबा त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये गेल्या होत्या. तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. दवाखाने, शाळा, मंदिरं. मदतीच्या मैफली दोनशेच्या वर भरतात म्हणे. १९७४चा मॅगसेसे पुरस्कार लोकसेवेसाठी मिळाला. गाणाऱ्या बाईला लोकसेवेचा! त्याआधी १९६६च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायल्या, तिथं शेवटी कांचीच्या परमाचार्यांनी रचलेलं विश्वमैत्रीचं संस्कृत गीत आणि राजाजींनी लिहिलेलं इंग्रजी गीत. राजाजी म्हणजे या घराचे वडीलधारे. सगळे मोठे पुरुष जमले होते या एका गळ्याभोवती, प्रत्येकाची काही ना काही सूचना.

“आणि घर गेलं,” आई एकदम म्हणाल्या. आईंना हिशेब पक्के लक्षात राहतात. “सांगितलं होतं तुम्ही मागं. बंगला गेला त्यांचा.”

मामींनी मान हलवली. ‘कल्कि’ तोट्यात गेलं, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला किलपॉकमधलं ‘कल्कि गार्डन्स’ सोडून ही मंडळी लहान घरात गेली. ज्या साप्ताहिकासाठी बाई नारद झाल्या त्याच साप्ताहिकापायी घर सुटलं. मदत देऊ केली तर घेणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा तिरुपती देवस्थाननं वाट काढली. अन्नमाचार्यांच्या पदांचं आणि स्तोत्रांचं काम त्यांना दिलं, पाच रेकॉर्डी निघाल्या, ‘बालाजी पंचरत्नमाला’. साठी उलटलेल्या बाई पुन्हा वही घेऊन नवीन पदं पाठ करायला बसल्या.

“तुला सांगते,” आई मला म्हणाल्या, “दान करावं. पण बाईमाणसानं चार पैसे स्वतःच्या नावावर ठेवूनच करावं. शांता आपटेला विचार.”

“शांता आपटेला भारतरत्न नाही मिळालं,” मामी.

“भारतरत्न कधी मिळालं? नवरा गेल्यावर.”

हेही बरोबर. सदाशिवम १९९७च्या नोव्हेंबरात गेले, भारतरत्न १९९८चं. संगीतातल्या माणसाला मिळालेलं ते पहिलंच. आणि नवरा गेल्यावर एम. एस. परत कधी मंचावर गायल्या नाहीत. सात वर्षं.

मामींच्या मते हीच निष्ठा. मी म्हटलं, “मामी, एक सांगा. सदाशिवम असते तर काय म्हणाले असते? गा म्हणाले असते की नको?”

मामींनी झारा खाली ठेवला. “गा. शंभर टक्के. सत्कार, मैफली, सगळं लावून दिलं असतं.”

“म्हणजे गायचं नाही हे त्यांचं नाही, बाईंचं. मदुराईचं घर सोडलं तेव्हासारखंच. दोन्ही वेळेला खूण करायला पहिल्या रांगेत कुणी नव्हतं.”

“आणि मधली साठ वर्षं?”

“मधली गाण्यात घातली,” आई म्हणाल्या. “तिथं कुणाच्या बापाचं चालत नाही.”

मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या मानानं बराच. मग म्हणाल्या, “वहिनी, नणंद पोंगलला येतेय. हे सगळं तिच्यासमोर बोला. मी आत स्वयंपाकघरात असेन, पण दार उघडं ठेवीन.”