चांदमारी आणि कारणे दाखवा

हत्यार चालवायच्या वर्गात झालेली हिंदुस्थानातली सर्वांत महागडी गफलत कोलकात्यात आमच्या सॉल्ट लेकच्या शेजारी, दमदमला झाली. 1857च्या जानेवारीत तिथे कंपनीच्या शिपायांना नवी एनफिल्ड रायफल शिकवत होते. धडा सोपा होता. काडतूस दातांनी फोडा, दारू नळीच्या तोंडातून ओता, ठासा, झाडा. दातांना लागणारी चरबी कोणाची, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातलं पाणी मागितलं, शिपायाने जात पुढे केली, आणि खलाशाने त्याला चरबीची बातमी ऐकवली. 29 मार्चला बराकपूरच्या मैदानावर मंगल पांडेंनी बंदूक उचलली. 8 एप्रिलला ते फासावर गेले. दहा दिवस! बंगालमध्ये बंदुकीच्या प्रकरणाचा इतका झटपट निकाल त्यानंतर लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुढे चाळीसेक वर्षांनी याच दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी काढली. ती इतकी वाईट निघाली की 1899मध्ये हेगला बसून बड्या राष्ट्रांनी ठरवलं, आपापसांतल्या युद्धात ही वापरायची नाही. ‘आपापसांतल्या’ या शब्दाखाली तेव्हाही रेघ होतीच. तिकडे वर ईशापूरला रायफलींचा कारखाना निघाला, बराकपूरला आज राज्य पोलिसांची अकादमी आहे. गोळी, बंदूक आणि गुरुकुल, सगळं सियालदहच्या एका लोकलवर! कमतरता काय ती सरावाची.

सरावाला पोलीस खात्याच्या भाषेत चांदमारी म्हणतात. आता पोलिसाच्या नोकरीत चांदमारी कधी येते? मंत्र्यांचा दौरा, पूजेचा बंदोबस्त, निवडणूक, मोर्चा, क्रिकेटचा सामना आणि साहेबांच्या घरचं काम यांतून जो दिवस उरेल त्या दिवशी. तो उरलाच तर मैदानावर मोजून गोळ्या मिळतात. झाडून झाल्या की खरी परीक्षा सुरू होते, ती पुंगळ्यांची. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या परत जमा करायच्या. एखादी कमी भरली की पोट सुटलेले हवालदार गवतात गुडघ्यांवर बसून ती शोधत फिरतात, कारण पितळेचा तो तुकडा सापडला नाही तर लेखी जबाब द्यावा लागतो. निशाण कुठे लागलं याची चौकशी त्या मानाने कमी. सरकारी गोळीचा हिशेब इतका काटेकोर ठेवणारं खातं, गोळी मैदानाबाहेर सुटली की एकदम उदार कसं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. पुंगळी हरवली तर त्या संध्याकाळीच जबाब. माणूस हरवला तर आयोग.

26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुंबईत राम प्रधान समिती बसली, तिनेही गोळ्यांच्या आणि सरावाच्या टंचाईकडे बोट दाखवलं. त्या बोटाचं पुढे काय झालं हा भाग वेगळा. पण बिनसरावाच्या पोलिसाला हसण्याआधी त्याच्या काही बाजू पाहिल्या पाहिजेत. 2019च्या ऑगस्टमध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांना अखेरची मानवंदना द्यायची होती. तेव्हाचे मुख्यमंत्री उभे, बिगूल वाजला, 22 रायफली आभाळाकडे रोखल्या गेल्या आणि 22 पैकी एकही उडाली नाही. लोकांनी चेष्टा केली. मला तर अशी नागरिकस्नेही रायफल देशभर वाटावीशी वाटते. त्याआधी, 2018 साली उत्तर प्रदेशात संभलच्या चकमकीत फौजदारसाहेबांचं पिस्तूल अडकलं, तेव्हा त्यांनी तोंडाने ‘ठांय ठांय’ असा आवाज काढून आरोपींना धाक घातला. कोणी दगावल्याची नोंद या आवाजाच्या नावावर नाही. आणि 2022च्या डिसेंबरात तिथल्याच खलीलाबादच्या ठाण्यात वरिष्ठ तपासणीला आले असता, बंदूक भरून दाखवा म्हटल्यावर फौजदाराने गोळी नळीच्या तोंडातून आत सोडली. सारा देश हसला. पण दमदमच्या वर्गात 1857 साली हेच शिकवत नव्हते का? अभ्यासक्रमाशी इतका इमानी विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

याच्या पुढचा प्रसंग हसण्यावारी नेता येत नाही. 2023च्या डिसेंबरात अलीगढच्या ठाण्यात एक बाई पासपोर्टच्या पडताळणीसाठी कागद घेऊन टेबलासमोर उभी होती. तिला उमराहला जायचं होतं. मुन्शीने कपाटातलं पिस्तूल काढून फौजदाराच्या हाती दिलं, त्याने खटका मागे ओढला, बोट घोड्यावरच होतं. कॅमेऱ्यात सगळं दिसतं. आधी खाली रोखून पिस्तूल रिकामं आहे का ते पाहायचं, हा चांदमारीतला पहिल्या दिवसाचा, पहिल्या तासाचा धडा. गोळी बाईंच्या डोक्यात गेली, काही दिवसांनी त्या वारल्या. फौजदार ठाण्यातून पसार झाला आणि पोलिसांना आपल्याच माणसाच्या डोक्यावर बक्षीस लावावं लागलं. ठाण्याच्या भिंतीवर फरारींची छायाचित्रं लावायची जागा असते. फक्त एरवी ती बाहेरच्यांसाठी राखीव असते.

प्रशिक्षणाचा विषय निघाला की मला बदलापूर प्रकरणातला आरोपी आठवतो. 2024च्या सप्टेंबरात मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत तो मारला गेला. पोलिसांची हकीकत अशी की त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं आणि गोळ्या झाडल्या. त्यातली एक अधिकाऱ्याच्या मांडीत लागली. उलट गोळी आरोपीच्या डोक्यात लागली. मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं, पायावर किंवा हातावर का नाही झाडली? आणि सराव नसलेल्या माणसाला पिस्तुलाचा खटका ओढता तरी कसा आला? प्रश्न रास्तच आहे. ही हकीकत खरी धरली, तर त्या गाडीत गोळी कमरेखाली ठेवायचा नियम ज्याने पाळला, तो एकमेव माणूस बिनप्रशिक्षित होता. 2025च्या जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने त्या मृत्यूबद्दल गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं. निशाण्याची तपासणी न्यायालयाने करायची आणि न्यायाची गाडीतच, अशी कामांची अदलाबदल आपल्याकडे रुळली आहे.

आता कायदा काय म्हणतो? निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर पूर्वी दोन वर्षं शिक्षा होती, भारतीय न्याय संहितेच्या कलम 106ने ती पाच केली. त्याच कलमात अपघात करून पळणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षं लिहिली होती. 2024 उजाडताच ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारने तो भाग कपाटात ठेवून दिला. ट्रकवाल्याकडे लायसन असतं, ते मुदतीत नवं करावं लागतं, डोळे तपासून घ्यावे लागतात, माणूस चिरडला तर गर्दीचा मार आधी आणि कोठडी नंतर मिळते. बंदूकवाल्याचं लायसन म्हणजे त्याचा गणवेश. तो दरवर्षी मापाला घट्ट होतो एवढंच नूतनीकरण. जमाव पांगवताना त्याच्या हातून काही घडलं, तर सरकारची मंजुरी मिळाल्याशिवाय त्याच्यावर खटला भरता येत नाही. ज्या सरकारने बंदूक दिली, ज्याने सराव दिला नाही, ज्याने हुकूम दिला, त्याच सरकारकडे खटल्याची परवानगी मागायची. लोकसेवकांवरच्या खटल्यासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 120 दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं समजायचं. मला वाटतं, सरकारी कार्यालयातल्या घड्याळावरचा हा आजवरचा सर्वांत मोठा अविश्वासदर्शक ठराव असावा.

तरी पोलिसाला शिक्षा होतच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. होते. पत्ता बघून होते. 1997 हे एकच साल घ्या. 31 मार्चला दिल्लीत कॅनॉट प्लेसला पोलिसांनी एका मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. आत गुंड आहे असा समज. आत होते व्यापारी. दोघे गेले. चूक कळल्यावर गाडीत एक पिस्तूल ठेवण्यात आलं, म्हणजे शिस्तबद्ध प्रशिक्षण कशात झालं होतं ते दिसतं. पण त्या प्रकरणात दहा पोलिसांना जन्मठेप झाली, त्यात सहायक आयुक्तही होते, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच वर्षी 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव दलाने गोळ्या चालवल्या. दहा माणसं गेली. जमाव टँकर पेटवणार होता, म्हणून स्फोट टाळायला गोळीबार केला, असा बचाव होता. न्या. गुंडेवार आयोगाला ही टँकरची कहाणी पटली नाही. 2009 साली एका उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली आणि लवकरच उच्च न्यायालयातून जामीनही. दोन जीवांना दहा दोषी, दहा जीवांना एक. त्रैराशिक मांडून पाहावं तर मधे पिनकोड येतो.

मी हे सगळं आमच्या ब्लॉकच्या पार्कात मांडलं. सॉल्ट लेकच्या पार्कात संध्याकाळी जी माणसं बसतात त्यांतला निम्मा हिस्सा निवृत्त सरकार असतो. त्यांतले एक दादा राज्य सचिवालयातून, म्हणजे रायटर्स बिल्डिंगमधून निवृत्त झालेले. मातीच्या भांड्यातला चहा संपवून त्यांनी भांडं बाकाच्या पायाजवळ नीट उपडं ठेवलं आणि म्हणाले, “दादा, तुम्ही लांबच्या गोष्टी सांगता. आमची एकुशे जुलै विसरलात?”

विसरणार कसं! 21 जुलै 1993. युवक काँग्रेसचा रायटर्सवरचा मोर्चा, नेत्या ममता बॅनर्जी, पोलिसांचा गोळीबार, 13 मृत. दरवर्षी त्या दिवशी धर्मतल्ल्याला लाखोंची सभा भरते, रस्ते बंद होतात, आम्ही घरून काम करतो. ममतांची सत्ता आल्यावर 2011 साली चौकशी आयोगही बसला, म्हणजे अवघ्या अठरा वर्षांत.

“आणि 1993 साली गृहसचिव कोण होते?” दादांनी विचारलं. मी गप्प. “मनीष गुप्ता. ते 2011मध्ये जादवपूरहून खुद्द मुख्यमंत्री बुद्धदेवबाबूंना पाडून निवडून आले. कोणाच्या तिकिटावर? तृणमूलच्या. मंत्रीही झाले. आता सांगा, बंदूक धरणाऱ्या कॉन्स्टेबलचं नाव कोणाला माहीत आहे?”

बाकावर कोणालाच माहीत नव्हतं. मग नंदीग्राम निघालं. 14 मार्च 2007, 14 मृत, गोळीबार घटनाबाह्य असल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल, सीबीआयचा तपास. मग 2021 सालचं सीतलकुची, मतदानाच्या दिवशी केंद्रीय दलाच्या गोळीने चार गेले. त्यावर बाकाचे दोन पक्ष पडले. एका पक्षाला राज्याच्या गोळ्या आठवत होत्या, दुसऱ्याला केंद्राच्या. मरणाऱ्यांची आठवण दोन्ही बाजूंना सारखीच पुसट होती. डास वाढले तेव्हा सभा उठली.

तरीही निराश व्हायचं कारण नाही. आपलं सरकार जबाबदारी विजेच्या वेगाने निश्चित करू शकतं, याचा पुरावा आमच्या घराजवळच्या मैदानावर मिळाला. 13 डिसेंबर 2025, युवभारती क्रीडांगण. मेस्सी आले. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक बसले होते. मैदानात मेस्सींभोवती मंत्री, अधिकारी, त्यांचे नातेवाईक आणि नातेवाइकांचे मोबाइल यांचं असं कडं पडलं की गॅलरीतून फक्त कडंच दिसलं. वीसेक मिनिटांत मेस्सी गेले आणि खुर्च्या उडू लागल्या. हिरवळ उखडली, जाळी तुटली. चूक मोठीच होती, पण एकही गोळी सुटली नाही की जीव गेला नाही.

पुढचा वेग पाहा. मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी माफी मागितली आणि निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. आयोजकाला विमानतळावर उचललं. 16 तारखेपर्यंत राज्याच्या पोलीस महासंचालकांना 24 तासांत उत्तर द्या अशी कारणे दाखवा नोटीस निघाली, आमच्या बिधाननगरच्या पोलीस आयुक्तांनाही निघाली, एक उपायुक्त निलंबित झाले, क्रीडामंत्री खात्यातून गेले. तीन दिवस! मंजुरीची फाईल नाही, 120 दिवस नाहीत, ‘स्वसंरक्षणार्थ’ नाही, टँकर नाही. कनिष्ठ शिपायाच्या खांद्यावर सगळं ढकलून वरचे मोकळे झाले असंही नाही. नोटीस थेट शिखरावर गेली. खलीलाबाद, अलीगढ, घाटकोपर, नंदीग्राम, सगळीकडे हेच करता आलं असतं, तिथल्या लोकांनी फक्त तिकिटं काढायला हवी होती.

तेव्हा माझी एक सूचना आहे. त्या दिवसाच्या तिकिटांचे पैसे परत मिळावेत म्हणून आमच्या भागातले लोक अजून हळहळत आहेत. कृपा करून तिकीट परत देऊ नका. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करून घ्या, घरातल्या प्रत्येकासाठी एकेक मिळालं तर उत्तम. मोर्चाला जाताना, पासपोर्टच्या पडताळणीला ठाण्यात जाताना, नाकाबंदीवर गाडीची काच खाली करताना ते शर्टाच्या वरच्या खिशात, क्रमांक बाहेर दिसेल असं ठेवा. आमचे दादा म्हणतात, ते जपून ठेवायला त्यांच्याकडे रायटर्सच्या जमान्यातलं प्लास्टिकचं पाकीट आहे. आत सेवानिवृत्तीचं ओळखपत्र आहे, पण ते दाखवून आजवर काहीच उपयोग झालेला नाही.