उद्या बघू

मराठी घरात अन्न टाकता येत नाही. ते पूर्णब्रह्म असल्यामुळे पानात उरलं तरी पाप लागतं. पण तेच अन्न आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून, रीतसर नासवून मग टाकलं तर पाप लागत नाही, कारण तोवर त्यातलं ब्रह्म निघून गेलेलं असतं. वाटीभर आमटी, अर्धी पोळी, श्रीखंडाच्या जुन्या डब्यातला अनोळखी ऐवज, ही मंडळी खाल्ली जाण्यासाठी आत जातच नाहीत. टाकण्याचा निर्णय पुढे ढकलण्यासाठी जातात. माझं म्हणणं एवढंच, की या कामाला फ्रिज हे अगदी कुचकामी यंत्र आहे. 4 अंशांवर जंतू मरत नाहीत, सुस्तावतात. लिस्टेरियासारखे चिवट तर तिथेही सावकाश वाढत राहतात. म्हणून शिजवलेल्या अन्नाला आत तीन-चार दिवसांचीच मुदत, तीसुद्धा ते वेळेवर आत गेलं तर.

आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. गरम भांडं ठेवलं की फ्रिज बिघडतो, या श्रद्धेपोटी दुपारची खिचडी संध्याकाळपर्यंत ओट्यावर 'निवत' बसते. उकळतं पातेलं आत ठेवू नये हे कबूल; त्याच्या वाफेनं शेजारचे डबे तापतात. पण 5 ते 60 अंश ही जंतूंच्या भरभराटीची हद्द, आणि मे महिन्यात नागपूरचा ओटा या हद्दीच्या ऐन मध्यावर असतो. दोन तासांच्या आत, आणि उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच अन्न आत जायला हवं. उथळ डब्यांत पसरून ठेवलं तर ते लवकर निवतं. अर्थात त्यासाठी दोन डबे जास्त घासावे लागतात, आणि सगळं विज्ञान मोरीपाशी येऊन थांबतं.

'खणखणीत गरम केलं की झालं' या युक्तिवादाला भात पुरून उरतो. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, बाहेर राहिलेल्या भातात रुजतात, आणि त्यांचं उलटी घडवणारं विष फोडणीला भीक घालत नाही. म्हणजे फोडणीचा भात खावा, पण तो भात रात्री कुठे मुक्कामाला होता हे विचारून. वास घेऊन पाहावा म्हणाल, तर आजार घडवणारे जंतू वासाची वर्दी देतीलच असं नाही. राहिला आजीचा दाखला: ती शिळंच खायची आणि ठणठणीत होती. खायची, पण रात्रीची भाकरी सकाळच्या न्याहारीला. सोमवारची उसळ शनिवारी खाण्याची सोयच तिच्याकडे नव्हती.

फ्रीझर मात्र वेळेवर ठरवणाऱ्यांचा मित्र. उणे 18 अंशांवर जंतूंची वाढ थांबते; ते मरत नाहीत, त्यामुळे गोठलेला डबा ओट्यावर नव्हे, खालच्या कप्प्यात वितळू द्यावा. बटाट्याची भाजी तिथे भुसभुशीत होते. मटार, ओलं खोबरं, पुरण मजेत राहतं. डब्यावर नाव आणि तारीख लिहिण्याची सूचना तेवढी घरोघरी फेटाळली जाते. 'माझ्या लक्षात आहे ना,' असं कोणीतरी ठामपणे म्हणतं, आणि लसूण घातलेलं खोबऱ्याचं वाटण खिरीत पडतं.