स्वतःच्या जमिनीतले झाड कसे पाडावे : नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन

लागणारे साहित्य : सातबारा एक, झाड एक, निगरगट्टपणा चवीपुरता, वेळ मुबलक.

पायरी १. भोर किंवा वेल्हे तालुक्यात गर्द झाडीतला प्लॉट घ्या. (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका आहे, रस्ता विचारताना दोन्ही चालतात.) एजंट झाडीचा भाव लावील, तो निमूटपणे द्या. खरेदीखत झाले की तीच झाडी खुपू लागेल. धरणाचे पाणी दिसत नाही, गाडी वळत नाही, पाला फार पडतो. घाबरू नका, सगळ्यांना असेच होते.

पायरी २. आपण कोणत्या कायद्यात उभे आहोत ते पाहा. भोर नगरपरिषदेच्या हद्दीत असाल, तर १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा लागू. इथे पाडणे म्हणजे नुसती करवत नव्हे. जाळणे, इजा करणे हेही त्यातच आले. तेव्हा बुंध्याला भोक पाडून हिंग भरायचा आणि मग "आपोआपच वाळलं हो" म्हणून हळहळायचे, हा पिढीजात उपाय विसरा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचे झाड वारसावृक्ष ठरते, आणि पाडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावावी लागतात. तेव्हापासून झाडाचे वय सांगताना मालक स्वतःच्या वयापेक्षाही जास्त काटकसर करतात.

पायरी ३. हद्दीबाहेर, म्हणजे दोन्ही तालुक्यांत जवळपास सगळीकडे, १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा. जमीन आपली, झाडही आपले, पण त्याच्या अनुसूचीत नाव असेल तर वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना हात लावायचा नाही. यादी सोळांची : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि तिवर. यातल्या तिवराची काळजी सोडा. तोरण्यापर्यंत खाडी अजून पोचलेली नाही. बाकीच्यांतले निदान एक तरी तुमच्या नियोजित स्विमिंग पूलच्या मधोमध उभे असणारच.

पायरी ४. वड, पिंपळ, उंबर यादीत नाहीत. हरखून जाऊ नका. बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड आहे का, ते आधी बघा. असेल तर अर्ज कोणाकडे करायचा हे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही, आणि कुऱ्हाड चालवायला गावातला एकही गडी येणार नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या राया टिकल्या होत्या त्या देवाच्या धाकाने. तो धाक सरकारी शिक्क्यापेक्षा जुना आहे.

पायरी ५. अर्ज करा. सातबारा, नकाशा, झाडांचा तपशील जोडा. सातबाऱ्यावर अजून कोणाकोणाची नावे आहेत ते याच वेळी कळते. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याशी ओळखही होते. अर्जातल्या "कारण" या रकान्यात झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा रहदारीला धोकादायक असल्याचे लिहिता आले तर काम सोपे. "गॅलरीतून पाणी दिसत नाही" हे कारण अजून कायद्यात आलेले नाही.

पायरी ६. या टप्प्यावर एक ठेकेदार भेटेल. "साहेब, परवानगीचं आमच्यावर सोपवा. रविवारी जेसीबी आणतो, सोमवारी झाड होतं की नव्हतं कोणाला कळायचं नाही." सोमवारी सगळ्यांना कळते. लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. तो नसला की लाकडासकट ट्रकही अडकतो. कायद्यातला मूळ दंड फार तर हजार रुपये, त्यामुळे लोक तो खर्चाच्या अंदाजपत्रकातच धरत. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो पन्नास हजारांवर न्यायचे ठरवले, तेव्हा या लोकांना पहिल्यांदा झाडांचा कळवळा आला, आणि शेतकऱ्यांचाही.

पायरी ७. "पूर्वी असली कटकट नव्हती" असे राजगडाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमाराच्या लाकडाबद्दलही नियम आहेत. रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. गलबते बांधणाऱ्या सरकारला जी मुभा नव्हती, ती वीकेंड होमला कशी मिळावी?

पायरी ८ (ऐच्छिक). वरील सातही पायऱ्या टाळायच्या असतील, तर नकाशा मंजुरीला जाण्याआधी घर दहा फूट बाजूला सरकवा. त्याला वृक्ष अधिकारी लागत नाही, ट्रक लागत नाही, देवाचा कौल लागत नाही. फक्त आर्किटेक्टला एक फोन लागतो. तो मात्र कुरकुरेल. त्याने तिथे स्विमिंग पूल काढलेला असतो.