आत्याचा खिलार
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर टेबल, पोळपाट-लाटणं, कॉर्नफ्लोअरचा डबा. नट खांद्यावर टॉवेल टाकून येतो.)

सांगलीकरांनो, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, म्हणून आपली सांगली नाट्यपंढरी. आजचं नाटक मात्र स्वयंपाकघरातलं. नायिका आत्या, खलनायक आषाढातली हवा.

भाचा साताऱ्याला. वाढदिवस ऐन बेंदराच्या तोंडावर. आत्यानं फोन लावला, “राजा, केकवर काय पायजे? मोटार का स्पायडरमॅन?”

“बैल. शर्यतीचा. खिलार!”

पोराचं काय चुकलं? 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून घराघरांत पोरं मोबाइलवर शर्यत लावल्याशिवाय घास गिळत नाहीत. आत्याही खूश. केकवर पांघरायचा फाँडंट पांढरा, खिलारही पांढरा, रंगाचा खर्च वाचला! शिवाय पुण्याच्या प्राची धबल देब यांनी मिलानच्या कॅथेड्रलवरून 100 किलोची कलाकृती उभी केल्याचं तिनं वाचलेलं. “त्यांनी अख्खं चर्च उभं केलं, मला एक बैल जमंना व्हय?” आता ते काम रॉयल आयसिंगचं. ते वाळून कडक होतं, फाँडंट मऊ राहतो. बातमीचा तेवढाच भाग आत्यानं सोडला होता.

(पुडा फोडतो, गोळा मळू लागतो.)

फाँडंट म्हणजे पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन किंवा अगार-अगार. आत्याचे यजमान ऊसवाले. त्यांनी पुड्यावरची किंमत वाचली आणि खुर्चीत बसले. “आपला ऊस टनावर जातो, अन् तीच साखर मळून आली की ग्रॅमवर?”

“अहो, तुम्ही जरा गप बसा.”

आत्यानं केकला छान व्हिप्ड क्रीम फासलं, वर फाँडंट पांघरला आणि चहा टाकला. चहा गाळेपर्यंत फाँडंट ओघळून ताटात! क्रीममध्ये पाणी, आणि साखर म्हणजे पाणी दिसलं की पिणारच. शेजारची केकवाली पोरगी धावत आली. “काकू, फाँडंटखाली गनाश लावतात! चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. घट्ट झालं की मगच वर फाँडंट.”

दुसरा केक. या वेळी गनाश. आत्यानं लाटणं उचललं, आणि हात पुरणपोळीचा! इतकं पातळ लाटलं की खालचा पोळपाट दिसायला लागला. उचलताना टर्र्! (थांबतो.) तीन-चार मिलिमीटर जाडी ठेवायची असते, मंडळी. लाटण्यावर गुंडाळून केकवर सोडायचा, वरून खाली तळहातानं बसवत यायचं. कडेला चुण्या पडल्या की दाबायच्या नाहीत, हलक्या हातानं बाहेर ओढून उलगडायच्या. तळाशी उरलेली झालर सुरीनं कापली आणि आत्या लांबून बघत म्हणाली, “जमलं बाई.”

मग बैल. बेंदराला मातीचे बैल करण्यात आत्याचं बालपण गेलेलं. चार पाय, पोट, मान, झटक्यात बैल उभा! आणि हळूहळू… (गुडघ्यात वाकत) …बैल बसला. शिंगं कानावर लोंबली.

“बसू दे की,” यजमान म्हणाले. “शर्यत मारून आलाय.”

पोरगी पुन्हा हजर. “पाव किलो फाँडंटला चमचाभर सीएमसी पावडर मळा, म्हणजे तो कडक होतो. बैल दोन-तीन दिवस आधीच करून वाळवायचा असतो. शिंगांत टूथपिक नको, पोरांचा केक आहे. कच्च्या स्पॅगेटीची काडी घाला.” साताऱ्याला गाडी दोन दिवसांनी निघायची होती. बैल पंख्याखाली गेला.

रात्री सासूबाईंनी मायेनं बैल, केक, सगळं फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बाहेर काढलं, तर बैलाच्या अंगावर थेंबच थेंब. थंडगार साखर, दमट हवा, दुसरं काय होणार? आत्यानं पदर पुढं केला, तशी पोरगी किंचाळली, “पुसू नका! हात लावू नका! पंख्याखाली आपोआप वाळतंय!”

वाळलं.

सांगली, आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा. केक डिकीत सपाट जागी, बैल आत्याच्या मांडीवर, वेगळ्या डब्यात. स्पीडब्रेकर आला की आत्या श्वास धरायची आणि यजमान ब्रेक.

साताऱ्यात डबा उघडला. पाय शाबूत, शिंगं मागं वळलेली, शेपटी जाग्यावर. भाच्यानं बैलाला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “आत्या, वशिंड कुठाय?”

(शांतता.)

समोर ताटात साताऱ्याचे कंदी पेढे होते. आत्यानं एक उचलला, तळाला पाण्याचं बोट लावलं आणि खांद्यामागं दाबून बसवला. भाच्यानं टाळ्या वाजवल्या, मेणबत्त्या विझवल्या आणि पहिल्यांदा वशिंड खाल्लं. फाँडंट सोलून यजमानांच्या ताटात टाकला.

तर मंडळी, तुमच्याकडे आषाढात वाढदिवस असेल, तर जनावर आधी वाळवा, खाली क्रीम लावू नका आणि सासूबाईंना फ्रिजपासून लांब ठेवा.

(फाँडंटचा तुकडा तोंडात टाकतो, तोंड वाकडं करतो. पडदा.)