माळ्यावरची वज्री आणि नातूबागेतले कपाट

पुण्याच्या पेठेतल्या कुणालाही केळकर संग्रहालय कुठे आहे ते विचारा. बाजीराव रस्ता, नातूबाग, शुक्रवार पेठ. गल्लीच्या वळणासकट पत्ता मिळेल. मग शेवटचे कधी गेला होतात, ते विचारा. उत्तर ठरलेले: पाहुणे आले होते तेव्हा.

पाहुणा आल्याशिवाय आपल्या घरचा इतिहास बघायचा नाही, हा कुठला नियम?

‘घरचा’ म्हणतो ते उगाच नाही. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि आयुष्यभर ते थांबले नाहीत. पत्नी कमलाबाई बरोबरीने राबल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले. १९६२ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

तलवारी जमवणारे पुष्कळ असतात. केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, दौती, पानाचे डबे, कुलपे आणि स्वयंपाकघरातली भांडी जमवली.

साधी वज्री घ्या. टाचा घासायची. खालून खरबरीत आणि वर मुठीच्या जागी नेटका पक्षी. अंधाऱ्या न्हाणीघरात, जिथे दुसरे कुणी बघणारही नाही, तिथे बाईच्या हातात काहीतरी सुंदर असावे, असे कुण्या कारागिराला वाटले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात या कारागिराला एक ओळ तरी आहे?

संग्रह २० हजार वस्तूंच्या घरात. मांडलेल्या त्यातल्या जेमतेम अडीच हजार. बावधनला मोठ्या जागेत नवे संग्रहालय उभारायची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. जागा हवीच. पण जागा मिळेपर्यंत शेजाऱ्यांशी बोलायला कुणाची मंजुरी लागते?

आणि बोलण्याची वेळ हीच आहे. पेठेत वाडा पाडणे सुरू झाले की आधी तुळया निघतात, मग खांब, मग दिंडी दरवाजा. कोरीव काम असेल तर गिऱ्हाईक तयार असते. तांब्या-पितळेची भांडी वजनावर जातात. जी मोडीतून वाचतात, त्यातली काही बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दिसतात. पणजीचा पानाचा डबा तिथे मिळेल. पणजी मिळणार नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले संसार एका दिवसात वाहून गेले. त्याची आठवण पुणे अजून काढते. वाड्यामागून वाडे पडताना जे वाहून जाते आहे, त्याची नोंद कोण ठेवतो?

नोंद वस्तूची होते, माणसाची राहून जाते. संग्रहालयातल्या पाटीवर सहसा वस्तूचे नाव, गाव आणि शतक असते. हा अडकित्ता कुणाच्या हातात असायचा, विडा कुणी लावायचा आणि घरात पानाला कुणाला बंदी होती, हे सांगणारी माणसे मात्र दोन गल्ल्या पलीकडे राहतात. ऐंशीच्या पुढची आहेत. संग्रहालयाचे जिने त्यांना चढवत नाहीत.

मग संग्रहालयाने त्यांचा जिना चढावा.

यात अशक्य काही नाही. वॉशिंग्टनच्या ॲनाकोस्टिया वस्तीत १९६७ मध्ये स्मिथसोनियनने एका जुन्या चित्रपटगृहात मोहल्ल्याचे संग्रहालय उघडले. वस्तीला छळणारा प्रश्न होता उंदरांचा. १९६९ मध्ये संग्रहालयाने चक्क उंदरांवर प्रदर्शन भरवले. प्रश्न लोकांचा होता, त्यामुळे संग्रहालयही लोकांचे झाले. शुक्रवार पेठेला आज छळणारा प्रश्न कोणता? पुनर्विकास. त्यावर प्रदर्शन भरवायला परदेशातून काही आणावे लागत नाही. पाडलेल्या वाड्यांचे फोटो घराघरांतल्या अल्बममध्ये पडून आहेत.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. कार्यक्रम होतात, भाषणे होतात. शाळांना तेव्हा सुट्टी असते.

शेजारच्या शाळेतल्या मुलांना जूनमध्ये बोलवा. प्रत्येकाने आजीला विचारून घरातल्या एका वस्तूची हकीकत लिहून आणायची. वस्तू घरीच राहू दे, ठेवायला तशीही जागा नाही. हकीकत मात्र संग्रहालयात तशीच वस्तू असलेल्या कपाटाशेजारी लावा. आपल्या नातवाचे अक्षर बघायला आजी येईल की नाही, याची चिंता कुणी करू नये.

रहिवाशांनाही सुटका नाही. कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून त्याचे अवशेष नातूबागेत पुन्हा उभे करण्याची धडाडी एका कवीकडे होती. आपल्याला माळ्यावर चढायचाही कंटाळा?

तेव्हा पेठकरांनो, बिल्डरशी करार होण्याआधी एक रविवार काढा. माळा उतरवा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा, एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या आणि मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपून घ्या. ते घेऊन नातूबागेत जा आणि तिथल्या माणसाला सांगा, ‘हे आमच्या घरचे, नोंदवून घ्या.’ नोंदवायची सोय नसेल तर ती करा, असा आग्रह धरा. संग्रह सरकारचा म्हणजे तुमचाच आहे.

पाहुण्यांची वाट बघू नका.