उलट्या नदीच्या काठचे सामान्य ज्ञान

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत, म्हणजे ज्या ग्रंथांनी अखिल विश्वाची वाटणी एक प्रश्न आणि चार पर्याय अशा सारख्या तुकड्यांत केलेली असते त्यांत, जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांचे स्थान विशेष मानाचे आहे. प्रश्न काढणाऱ्यास नियमापेक्षा अपवाद प्रिय असतो, कारण नियम विचारला तर सगळेच उत्तीर्ण होतात. आणि खानदेशात इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र व उद्योग या सर्वच खात्यांत अपवादांचे पीक बारमाही येते.

पहिला अपवाद अर्थातच तापी होय. दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले असल्यामुळे गोदावरी आणि कृष्णा या नद्या अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि सारा द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतात; तापी मात्र मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून 724 किलोमीटर पश्चिमेकडे वाहते व सुरतेजवळ समुद्रात शिरते. याचे कारण असे दिले जाते की, सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधला पट्टा ही खचदरी, म्हणजे दोन समांतर भेगांमधली जमीन खाली बसून झालेली दरी आहे आणि नदीला तिच्याबाहेर पडायला वावच नाही. कोकणातल्या यच्चयावत नद्याही पश्चिमेलाच वाहतात, परंतु त्या लांबीने कमी पडल्यामुळे त्यांना कोणी विचारत नाही. खरा विचार करण्याजोगा प्रकार गिरणेचा आहे. ही नदी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीत उगम पावते, शिस्तीत पूर्वेकडे मालेगाव, भडगावपर्यंत जाते, तेथून उत्तरेकडे वळते, तापीला मिळते आणि तिच्यासोबत पुन्हा पश्चिमेला निघते. सुरतेला जायला घराबाहेर पडलेल्या माणसाने आधी भडगावी मुक्काम करून यावे, तसा हा प्रवास आहे. धुळ्याची पांझराही हाच कित्ता गिरवते. तिच्यावर मात्र शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वी फड पद्धत बसवली, म्हणजे बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे वळवायचे, लाभक्षेत्राचे फड पाडायचे आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे. शेजाऱ्याशी बांधावरून वाद असताना त्याच्याच पिकाशी जुळवून घेण्याची ही व्यवस्था अभियांत्रिकीपेक्षा मानसशास्त्राच्या पुस्तकात अधिक शोभली असती.

दुसरा अपवाद केळीचा. ओलसर, दमट हवेत सुखाने वाढणारी ही वनस्पती खानदेशाने मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या रावेर-यावलच्या शिवारात आणून लावली, भोवती शेवरीचे कुंपण करून तिला गरम वाऱ्यापासून जपले, नळीतून मुळाशी थेंबथेंब पाणी सोडणारे ठिबक सिंचन दिले आणि जळगाव हे नाव केळीशी कायमचे जोडून घेतले. वनस्पतिशास्त्र म्हणते की केळीचे झाड हे झाड नव्हेच. ज्याला खोड म्हणतात ती एकमेकांवर घट्ट गुंडाळलेली पानांची सोपटे असून खरे खोड कंदाच्या रूपाने जमिनीत असते, म्हणजे ही फार तर एक अवाढव्य पालेभाजी आहे. ही बातमी अजून बाजारात पोचलेली नाही. तेथे मालाचे वर्गीकरण वेगळेच आहे: नवती म्हणजे नव्या लागवडीचे पहिले पीक, पिलबाग म्हणजे आधीच्या केळीच्या बुडाशी फुटलेल्या पिलावर घेतलेले पीक आणि वापसी म्हणजे निवडून बाजूला काढलेला माल. या तिन्हींचा भाव काय फुटला हे जाणून घेण्यासाठी जळगाव जिल्ह्याचा शेतकरी ज्या गावाकडे डोळे लावून बसतो, ते बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. हे गाव फारुकी सुलतानांची राजधानी होते. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेऊन ती राजवट संपवली, पण केळीचा भाव अद्याप राजधानीतूनच निघतो.

भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारा नावाचा कायदेशीर हक्क, 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला असे दोघांनाही मिळाले. शास्त्रीय व्याख्येनुसार ही दोन्ही मृदुफळे (इंग्रजीत ‘बेरी’), म्हणजे एकाच बीजकोशापासून बनलेली, गर असलेली व आठळी नसलेली फळे ठरतात. (स्ट्रॉबेरी या व्याख्येत बसत नाही, तो महाबळेश्वरकरांचा प्रश्न आहे.) तथापि, काड्यांच्या जाळावर भाजलेले, साल काढून लाकडी बडगीत ठेचलेले आणि हिरव्या मिरच्या, लसूण व कांद्याची पात यांसह कळण्याच्या भाकरीवर आलेले मृदुफळ समोर असताना त्याला मृदुफळ म्हणणारा गृहस्थ खानदेशात पंगतीत तरी आढळलेला नाही.

इतिहासाच्या खात्यात फैजपूर आहे, जेथे डिसेंबर 1936 मध्ये ग्रामीण भागातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले. आणि धुळ्याचा तुरुंग आहे, जेथे 1932 मध्ये विनोबांनी अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. श्रोत्यांना उठून जाण्याची सोय नसलेले असे सभागृह पुढे फारशा वक्त्यांना लाभले नाही.

सर्वांत मनोरंजक प्रकरण मात्र तेलाचे आहे, आणि ते मार्गदर्शकांत सापडत नाही. चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ व इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला 1207 मध्ये मिळालेल्या देणग्यांची नोंद त्यावर आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातला व तेलघाण्यांतला काही हिस्सा मठाला द्यावा, असे ठरले होते. म्हणजे ग्रहगणिताचे शिक्षण घाण्याच्या तेलावर चालले. हा चांगदेव आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचा, चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेला योगी चांगदेव हे दोघे निराळे; दुसऱ्याने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले आणि चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा शेरा मुक्ताबाईंनी मारल्याचे सांगतात. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर मिळालेला हा बहुधा सर्वांत जुना शेरा असावा.

पाटणच्या त्या देणग्यांनंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी, 1945 मध्ये, याच जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. द्रवरूप तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की ते घट्ट होते, या रासायनिक क्रियेने तेथे वनस्पती तूप तयार होई व जोडीला कपडे धुण्याचा साबणही निघे. 1966 मध्ये वडिलांच्या मृत्यूमुळे अझीम प्रेमजी यांनी एकविसाव्या वर्षी सूत्रे हाती घेतली, कंपनी 1980 च्या सुमारास संगणकांकडे वळली आणि ‘विप्रो’ या नावाने जगभर गेली. गणिताला तेल पुरवण्याची पाटणची प्रथा अमळनेरने अजाणता पुढे चालवली, असे म्हणण्यास कोणत्याही इतिहासकाराचा आधार नाही. हा केवळ प्रस्तुत लेखाचा मोह आहे. आधार आहे तो एवढ्याला की, तुपाच्या काळात कंपनीचे शेअर गावातल्या अनेकांनी घेतले, त्यांतल्या काहींनी ते विकलेच नाहीत आणि पुढे बोनस शेअरांनी त्यांची अशी वाढ केली की धान्याच्या कोठ्यांशेजारी लक्षाधीश नांदू लागले. परीक्षेत विप्रोचे मुख्यालय कोठे असे विचारतात, तेव्हा अमळनेरचे नाव चार पर्यायांतही नसते. अमळनेरचा विद्यार्थी बंगळूरवर निमूटपणे खूण करून एक गुण घेतो, आणि शेअर तेवढे घरात ठेवतो.